खडीच्या खाणीवर नवीन आहात? पाण्याचं काम कुठून सुरू करायचं ते बघा

खाणीवर नवीन आलेल्या माणसाला, मग तो सुपरवायझर असो, साइट इंजिनिअर असो नाहीतर वडिलांचा क्रशर आता स्वतः बघायला लागलेला मुलगा असो, पहिल्या आठवड्यात ब्रास, डंपरच्या फेऱ्या, रॉयल्टीचे पास, जॉ प्लेट कधी बदलायची हे सगळं शिकवलं जातं. पाण्याचं कोणी काही सांगत नाही. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होतो, खाणीतला राखाडी लगदा ओढ्याला लागतो, खालच्या वस्तीवरची माणसं क्रशरवर येऊन उभी राहतात आणि तेव्हा पळापळ सुरू होते. ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

मी बोलतोय ते माळ किंवा डोंगर फोडून काळ्या दगडाची खडी काढतात त्या खाणींबद्दल, पुण्याजवळ वाघोली, लोणीकंद, भावडी या बाजूला आहेत तशा. नदीच्या पात्रातली वाळू आणि गोटा काढणं हा वेगळा विषय आहे, त्याचे नियमही वेगळे, तो इथे घेत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. खराब झालेलं पाणी साफ करणं महाग पडतं आणि पूर्ण साफ होतही नाही, पण चांगलं पाणी घाणीपर्यंत पोचूच द्यायचं नाही हे स्वस्तात होतं आणि बहुतेक वेळा त्यासाठी लागणारा जेसीबी आणि दगड तुमच्याकडे असतोच.

आधी खडक बघा

महाराष्ट्राचा साधारण ८० टक्के भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलाय. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि प्रत्येक थर सारखा नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे कठीण काळा पाषाण, कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मधे कधी कधी लाल मातीसारखा पट्टा. तुम्हाला खडीसाठी जो दगड हवाय तो कठीण काळा, आणि त्याच्या अंगात पाणी जवळजवळ नसतं. पाणी असतं ते मुरमात, सांध्यांत, भेगांत, मांजऱ्यात आणि थर बदलतो तिथे. म्हणून खाणीत पहिल्या बेंचला, म्हणजे खोदत उतरताना ठेवलेल्या पहिल्या पायरीला, ओल दिसते, मग खाली कितीतरी मीटर ठणठणीत कोरडं लागतं, आणि सगळे म्हणायला लागतात इथे पाणीच नाही, आणि मग एक दिवस सुरुंगानंतर भिंतीतून झरा सुरू होतो. तो झरा कुणाच्या तरी विहिरीचा असू शकतो.

आता जरा आकडे बघू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. असा मुरमाड, भेगाळलेला बेसाल्ट पाणी किती साठवतो तर भूजलाचा हिशोब करताना साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १ हेक्टर जमिनीखालची पाण्याची पातळी १ मीटरने खाली गेली तर त्यातून निघणारं पाणी फक्त २०० घनमीटर, २ लाख लिटर, १० हजार लिटरचे २० टँकर. उलटं वाचा: तुम्ही खाणीतून २० टँकर पाझराचं पाणी उपसून ओढ्यात सोडलंत की हेक्टरभर रानाखालची पातळी मीटरभर उतरवण्याइतकं पाणी गेलं. वरून पाऊस पडत असतो, बाजूने पाणी येत असतं, म्हणून प्रत्यक्षात एवढं सरळ दिसत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा भर पडत नसते तेव्हा हा हिशोब खरा व्हायला लागतो. आपल्याकडचं भूजल फार थोडं आहे, ही गोष्ट पंपाचं बटण दाबायच्या आधी डोक्यात पाहिजे.

शेजारच्या विहिरी मोजून ठेवा, काम सुरू व्हायच्या आधी

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. खाणीपासून निदान अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअरची यादी करा, उताराच्या बाजूला अजून पुढे जा. एकटे जाऊ नका, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना बरोबर घ्या, आणि विहिरीच्या मालकाला नीट सांगा की काका, आम्ही पाण्याची पातळी लिहून ठेवतोय, त्याची एक प्रत तुमच्याकडे राहील. लोक आधी संशयाने बघतात, ते साहजिक आहे. पण प्रत खरोखर दिलीत तर पुढच्या वेळी तेच हाक मारून बोलावतात.

मोजायचं कसं? विहिरीच्या कठड्यावर रंगाचा ठिपका करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा, टेपच्या टोकाला वजन बांधा. सकाळी पंप चालू व्हायच्या आधी मोजा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. वर्षातून निदान चार वेळा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, मग जानेवारी, मार्च आणि मे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी याच सुमाराला मोजते त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतात, तालुक्यातलीच पातळी उतरलीये का फक्त तुमच्या खाणीभोवतीची, हे त्यातूनच कळतं. आकड्यांबरोबर म्हाताऱ्या माणसांना विचारा: कुठल्या महिन्यात तळ दिसतो, बहात्तरच्या दुष्काळात या विहिरीला पाणी होतं का, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये मिळत नाही.

नंतर एकदा सर्व्हेअरकडून विहिरींचे कठडे आणि खाणीचा तळ एकाच लेव्हलमध्ये आणून घ्या. समजा विहिरीचा कठडा ५६२ मीटरवर आहे आणि पाणी ६ मीटर खाली, म्हणजे पाण्याची पातळी ५५६. तुमचा तळ ५६० वर असेल तर अजून वाव आहे, ५५० वर गेला असेल तर तुम्ही पाण्याच्या खाली खणताय, आणि मग परवानगीपासून पंपापर्यंत सगळंच बदलतं.

पाण्याचा नमुनाही तेव्हाच घ्या, मान्यताप्राप्त लॅबमध्ये द्या. पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), गढूळपणा, नायट्रेट, तेल-ग्रीस एवढं तरी तपासा. नायट्रेट का ते पुढे येतंय.

बाहेरचं पाणी बाहेर

खाणीच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथून पावसाचं पाणी वाहत येतं. ते स्वच्छ असतं, फार तर थोडी माती. ते खाणीत पडलं की तुमचं होतं, मग ते साठवा, गाळ बसवा, उपसा, सगळा खर्च तुमच्या गळ्यात. १ हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि पुण्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वळवासारख्या पावसात असं होतं, तर ते ५ लाख लिटर पाणी आहे. वरचा माळ ४ हेक्टर असेल तर २० लाख. म्हणून खाणीच्या वरच्या कडेने चारी काढायची आणि ते पाणी वळसा घालून खालच्या नैसर्गिक ओढ्याला परत जोडायचं. कागदपत्रांत याला गारलँड ड्रेन म्हणतात.

चारी काढताना लोक उतार फार देतात, पाणी लवकर जावं म्हणून. मुरमात जास्त उतार दिला की चारी स्वतःच खणत जाते आणि तिचाच गाळ ओढ्यात जातो. उतार कमी ठेवा, थोड्या थोड्या अंतरावर डबराचे आडवे छोटे बांध घाला, दगड तुमच्याकडे ढिगाने आहे. चारी जिथे ओढ्याला मिळते तिथे दगडाचं पिचिंग करा, म्हणजे काठावर दगड रचून बसवा, नाहीतर तिथे खड्डा पडून ओढ्याचा काठ कापला जातो. आणि चारी खाणीच्या कडेपासून इतकी लांब असावी की पुढच्या वर्षी खाण वाढली तर ती उडणार नाही.

वरची माती आणि मुरूम काढून जो ढीग लावता त्याची जागाही आत्ताच ठरवा. ओढ्याच्या काठावर ढीग लावायचा नाही, जागा कितीही सोयीची वाटली तरी. माती वेगळी आणि मुरूम वेगळा ठेवा, माती पुढे खाण बंद करताना सोन्याच्या भावाने लागते. ढिगाच्या पायथ्याशी दगडाची बुटकी भिंत, तिच्या आतून चारी, आणि ढिगावर मे संपायच्या आधी गवताचं बी टाका म्हणजे पहिल्या पावसाने उगवेल. उतारावर वाळ्याचे ठोंब लावले तर मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात.

आतलं पाणी आणि गाळाची टाकी

एवढं करूनही खाणीत, क्रशरच्या आवारात आणि रस्त्यावर पाऊस पडणारच. तो सगळा एका ठिकाणी, खाणीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात किंवा आवाराच्या उताराला, गोळा करायचा आणि गाळ बसल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही.

गाळ बसायला किती वेळ लागतो ते कणाच्या आकारावर आहे. ०.१ मिलिमीटरचा कण पाण्यात १ मीटर खाली जायला दोन-एक मिनिटं घेतो. १० मायक्रॉनचा अडीच-तीन तास. २ मायक्रॉनचा अडीच-तीन दिवस. क्रशरच्या डस्टमध्ये हे तिन्ही असतात, म्हणूनच टाकीतून बाहेर पडणारं पाणी वाळू बसलेली असूनही राखाडीच दिसतं. खोल खड्डा खणला की काम झालं असं वाटतं पण गाळ बसायला खोलीपेक्षा पाण्याचा पसारा जास्त लागतो. तासाला १ लाख लिटर पाणी येत असेल तर १० मायक्रॉनपर्यंतचे कण बसवायला हिशोबाने साधारण २५० चौरस मीटर पसारा पाहिजे, आणि पाणी टाकीत सगळीकडे सारखं फिरत नाही म्हणून दीड-दोन पट धरा. आता वरच्या माळाचे ते २० लाख लिटरही आत आले असते तर टाकी केवढी लागली असती ते तुम्हीच बघा.

टाकीचे तीन भाग करा. पहिला जाड गाळासाठी, तिथे जेसीबीचा हात पोचला पाहिजे कारण तोच सारखा उपसावा लागतो. पाणी एका टोकाने आत आणि लांबच्या टोकाने बाहेर, आत येणाऱ्या तोंडाशी दगडाचा अडथळा म्हणजे जोर मोडतो. बाहेर जाताना पृष्ठभागाखालून पाणी घेणारा वाकडा पाइप लावा म्हणजे वर तरंगणारं तेल मागे राहतं. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की टाकीची क्षमता अचानक येणाऱ्या जास्तीत जास्त पावसाच्या वर ५० टक्के जादा धरून काढा. ती अट शोधून वाचा, नुसती फाइलला लावून ठेवू नका.

बाहेर सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत: तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल-ग्रीस १०, पीएच ५.५ ते ९. तुमच्या संमतीपत्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने याहून कडक आकडा दिला असेल तर तो पाळायचा. रोजच्या रोज लॅब शक्य नाही, म्हणून काचेची बाटली भरून उजेडाकडे धरा, तारीख लावून एक दिवस ठेवा आणि तळाला किती बसलं ते बघा, फोटो काढा. ही सवय फार कामाची आहे, टाकी भरत आलीये हे बाटली आधी सांगते.

उपसलेला गाळ परत ओढ्याच्या काठावर टाकू नका. ऐकायला उघड वाटतं पण पावसाळ्यात घाईत नेमकं हेच होतं.

खाण पाण्याला लागली तर

थांबा आणि कागद बघा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीने पाण्याची पातळी छेदली आणि तुम्ही पाणी उपसणार असाल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. परवानगीच्या पलीकडे विचार करायचा तो असा की पुढे खोल जाण्यापेक्षा आडवं जाता येईल का, ज्या भिंतीतून झरा आलाय ती बाजू सोडता येईल का. मी तर म्हणेन की जिथे जिवंत झरा लागला तिथे खोली थांबवावी, दगड दुसरीकडे मिळतो.

उपसावंच लागलं तर पंपाला मीटर लावा, रोजचे लिटर वहीत लिहा. उपसलेलं पाणी आधी स्वतः वापरा, रस्त्यावर मारायला, क्रशरच्या फवाऱ्याला, म्हणजे तेवढं बोअरचं पाणी वाचलं. उरलेलं गाळ बसवून मगच सोडा. कोणीतरी नक्की सुचवेल की हे पाणी बंद बोअरमध्ये सोडू, पुनर्भरण होईल. ते करू नका. बोअरमध्ये सोडलेल्या पाण्याला मातीची गाळणी मिळत नाही, त्यातलं तेल आणि नायट्रेट सरळ भेगांतून शेजारच्या विहिरीत जातं.

सुरुंगाची दारू, डिझेल, ऑइल

सुरुंगासाठी जी अॅन्फो वापरतात तिच्यात साधारण ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल असतं. अमोनियम नायट्रेट पाण्यात साखरेसारखं विरघळतं. सुरुंगासाठी पाडलेल्या होलमध्ये पाणी असताना अॅन्फो भरली तर ती नीट पेटत नाही, दगड नीट फुटत नाही, आणि न जळलेलं नायट्रेट पाण्यात उतरतं. म्हणून ओल्या होलला इमल्शन किंवा स्लरी ही पाण्यात टिकणारी दारू वापरा, भरताना जमिनीवर सांडलेले दाणे गोळा करा, पाऊस येणार असेल तर होल भरून रात्रभर ठेवू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सूट नाही, बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना जास्तीच्या नायट्रेटने रक्तातून प्राणवायू कमी पोचायला लागतो. आता गुंता असा आहे की शेतातल्या युरियानेही विहिरीत नायट्रेट वाढतं, शेणखताच्या उकिरड्यानेही वाढतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीचा नमुना पाहिजे म्हणालो. तो नसेल तर कोणामुळे वाढलं हे ना तुम्हाला सांगता येतं ना शेतकऱ्याला.

डिझेलची टाकी खाणीच्या तळात ठेवू नका. वर, सिमेंटच्या कोब्यावर, भोवती बांध, आणि बांधाच्या आत टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के मावलं पाहिजे, वर पत्रा म्हणजे पावसाने बांध भरणार नाही. पोकलेनला जागेवर डिझेल भरताना खाली ट्रे धरा, जवळ भुसा किंवा कोरडी कच भरलेली गोणी ठेवा. जळकं ऑइल हे २०१६ च्या नियमांखाली घातक कचऱ्यात येतं, ते अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती ठेवायची. रस्त्यावर धूळ बसवायला जळकं ऑइल मारणारे अजून आहेत, ते पहिल्या पावसात कुठे जातं ते वेगळं सांगायला नको. आणि डंपर ओढ्यात नेऊन धुणं आजपासून बंद, धुण्यासाठी कोबा आणि तेल अडवणारा हौद करा.

वॉश प्लांट असेल तर

नदीची वाळू कमी झाल्यापासून क्रशरवर वाळू धुण्याचे प्लांट वाढलेत. इथलं पाणी पूर्णपणे फिरवून वापरायचं, बाहेर सोडायचंच नाही असं धरून चाला. थिकनर, म्हणजे गाळ खाली बसवून वरचं पाणी वेगळं करणारी टाकी, बसवला आणि गाळ दाबून काढला तर बरंच पाणी परत मिळतं. गाळ जमवणारं पावडर जास्त टाकलं म्हणून काम जास्त होत नाही, मात्रा जार टेस्ट करून, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून बघून, ठरवा. धुतलेल्या गाळपाण्याचं तळं असेल तर पावसाळ्यात त्याचा बांध रोज चालत जाऊन बघा, ओल किंवा भेग दिसली तर त्याच दिवशी पातळी उतरवा.

खाणीवर राहणाऱ्या माणसांचं पाणी

हे पर्यावरणाच्या अहवालात दोन ओळींत उरकतात, मला ते पटत नाही. दगड फोडणारी कुटुंबं, बरीचशी मराठवाड्यातून किंवा परराज्यातून आलेली, खाणीच्या कडेलाच राहतात, लहान पोरं तिथेच वाढतात. जवळ नळ नसेल तर बायका खाणीत साठलेलंच पाणी भरतात, ते दिसायला निळं नितळ असतं पण त्यात वर सांगितलेलं तेल, नायट्रेट सगळं उतरलेलं असतं. त्यांना पिण्याचं वेगळं, तपासलेलं, क्लोरीन टाकलेलं पाणी द्या, टँकर आणा पण द्या. संडास बांधा, आणि त्याचा शोषखड्डा फुटक्या मुरमात विहिरीच्या वरच्या अंगाला काढू नका, भेगांतून घाण फार लांब आणि फार लवकर जाते. जागा नाही मिळाली तर बंद टाकी करून ती उपसून न्या. खाणीच्या कडेला कुंपण पाहिजे, साठलेल्या पाण्यात मुलं बुडतात.

कागद, थोडक्यात

खनिपट्टा जिल्हाधिकारी आणि खनिकर्म अधिकाऱ्यांकडून, राज्याचे गौण खनिज नियम २०१३ चे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून ५ हेक्टरच्या आतल्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन संमती, १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली. मंजुरीच्या अटींची मराठीत एक पानाची यादी करा आणि ऑफिसच्या भिंतीवर लावा, ऑपरेटरलाही कळली पाहिजे.

विहीर गढूळ झाली असा फोन आला तर

त्याच दिवशी जा. वाद घालू नका, पातळी मोजा, बाटली भरा, मालकासमोर सील करून लॅबला पाठवा, आणि वहीत लिहा की मागचा सुरुंग कधी झाला, पाऊस किती होता, पंप किती तास चालला. सुरुंगाच्या हादऱ्याने विहिरीच्या भिंतीतली माती सुटून पाणी एक-दोन दिवस गढूळ होऊ शकतं, ते बसतं, पण दर सुरुंगाला होत असेल तर एका वेळी उडणारी दारू कमी करावी लागेल, डिले, म्हणजे एकापाठोपाठ एक होल उडण्यातलं अंतर, वाढवावे लागतील. पातळीच उतरली असेल आणि तुमची जुनी वही सांगत असेल की मागच्या मार्चपेक्षा खूप खाली आहे, गावातल्या लांबच्या विहिरी मात्र तशाच आहेत, तर उत्तर मिळालं. पंप बंद करा, त्या घराला आणि त्यांच्या जनावरांना टँकर सुरू करा, रिपोर्टची वाट न बघता, आणि मग भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना बोलावून झरा कुठून तुटलाय ते बघा.